हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली: उन्हाळ्यात बागेवर बांधावी का?

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. ही सावलीची प्लास्टिकची जाळी घ्या. पण ५० टक्केच, म्हणजे अर्धं ऊन अडवणारीच घ्या, ७५ आणि ९० च्या नादी लागू नका, आणि नेट बांधली की बागेत गारवा येईल या आशेने घेणार असाल तर राहू द्या, कारण तो गारवा येत नाही आणि मग लोक एक स्टार देऊन "काही फरक पडला नाही" असं लिहून मोकळे होतात. फरक पडतो हो, चांगलाच पडतो, फक्त तो कुठे पडतो ते बघायला हवं.

उन्हाळ्यात झाडाला दोन वेगवेगळे त्रास असतात, एक म्हणजे हवा तापलेली असते आणि दुसरा म्हणजे ऊन थेट अंगावर असतं. आपण दोन्हीला मिळून "उकाडा" म्हणतो आणि सोडून देतो. निरभ्र दुपारी जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकं ऊन पडतं, म्हणजे दर चौरस मीटरला एक इस्त्री चालू करून ठेवल्यासारखं, आणि ते पान, कुंडीची कड, मातीचा वरचा थर यांच्यावर तासन्‌तास चाललेलं असतं. नेट हे ऊन अर्धं करते. हवा मात्र जाळीतून आरपार जाते, ती बाहेर जितकी गरम तितकीच आतही गरम, फार तर एखाद-दोन डिग्रीचा फरक आणि वारं सुटलं की तोही नाही. म्हणून नेटखाली खुर्ची टाकून बसलात तर घाम येणारच, पण कुंडीतल्या मातीला हात लावून बघा, बाहेरच्या कुंडीला हात टेकवत नाही आणि आतली कोमट असते. झाडाची मुळं त्या मातीत राहतात, आपल्या खुर्चीत नाही.

यावरून अजून एक, मोबाईलवर जे तापमान दिसतं त्यावरून बागेचा अंदाज बांधू नका, लहान गावात राहत असाल तर अजिबातच नको. हवामान केंद्रावर तापमान मोजतात ते पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळती असलेल्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, म्हणजे सावलीतलं. त्यात लहान गावाचं स्वतःचं केंद्र बरेचदा नसतंच, अ‍ॅप दाखवतं तो आकडा आजूबाजूची केंद्रं आणि कॉम्प्युटरवरचं गणित यातून काढलेला असतो. तुमची गच्ची, तिची पश्चिमेकडची भिंत, शेजारचा पत्रा, समोरचं झाड तोडून झालेलं पार्किंग, हे त्या गणिताला माहीत नसतं. अ‍ॅप ४० म्हणत असताना स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली माती त्याच्या बरीच वर गेलेली असू शकते. साधा स्वयंपाकाचा प्रोब थर्मामीटर मातीत खुपसून बघा, एकदा बघितलं की नेट कशाला हवी हे कोणी समजावायला लागत नाही.

आता टक्क्यांचं. ५० टक्के म्हणजे अर्धा प्रकाश अडवते, अर्धा सोडते. लोकांना वाटतं जास्त टक्के म्हणजे जास्त संरक्षण, आणि विकणारेही ७५ पुढे करतात कारण ती जाड दिसते, हातात घेतली की दमदार वाटते. पण फळभाजीला ऊन हवंच असतं, नको असतो तो फक्त दुपारचा मारा. ७५ खाली टोमॅटो-मिरची ठेवलीत तर झाडं हिरवीगार दिसतील, उंच होतील, पेरं लांब लांब पडतील, आणि फुलं नावाला. ७५ नर्सरीतल्या कलमांना, फर्नला, सावलीतल्या शोभेच्या झाडांना ठीक. ९० ची गाडी उभी करायला किंवा माणसांनी बसायला वापरा. मिळत असेल तर फळभाज्यांना ३५ टक्केवालीसुद्धा चालते, उलट जिथे सकाळी सावली असते आणि ऊन उशिरा येतं तिथे तीच बरी.

आणि सगळ्यांना नेट लागतेच असंही नाही. भेंडी, गवार, चवळी उन्हातच खुलतात, त्यांना मुळाशी ओल आणि वर पाचोळा दिला की झालं. वांगंही बऱ्यापैकी चिवट आहे. गरज आहे ती पालेभाज्यांना, ढोबळी मिरचीला, टोमॅटोला आणि नुकत्याच लावलेल्या रोपांना. पालक, कोथिंबीर, लेट्यूस यांचा प्रश्न वेगळा, उष्णता वाढली की ती पानं सोडून तुऱ्याच्या मागे लागतात आणि चव कडवट होते. नेटने ते थोडं लांबतं, टळत नाही.

टोमॅटोबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त अपेक्षा तिथेच असते. "नेट लावा, फुलगळ थांबेल" असं सर्रास सांगितलं जातं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर तापमान राहायला लागलं की टोमॅटोचे परागकण कमजोर होतात, फलधारणा होत नाही आणि फूल देठासकट गळून पडतं. यातला रात्रीचा भाग लोक विसरतात. दिवसभर तापलेला स्लॅब आणि भिंत रात्री ती उष्णता परत सोडत बसतात, आणि रात्री नेट काय करणार, ऊनच नाही तर अडवणार काय. दिवसा स्लॅब झाकला गेला तर तो कमी तापतो, एवढाच रात्रीचा फायदा. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात फूल गळत असेल तर खत वाढवू नका, टॉनिक मारत बसू नका, झाड जगवा, रात्रीचं तापमान उतरलं की ते आपलं आपण फळ धरतं. नेटचा खरा फायदा आधीच धरलेल्या फळांना आहे. उन्हाकडच्या बाजूला टोमॅटो-मिरचीवर पांढरट, कागदासारखा डाग पडतो ना, तो रोग नाही, फळ भाजलेलं असतं, तो प्रकार नेटखाली जवळपास बंद होतो. या एका गोष्टीसाठी मी पैकीच्या पैकी मार्क देईन.

रंगावर मात्र माझं मत चांगलं नाही. हिरवी नेट सगळीकडे मिळते, बागेत शोभते, म्हणून खपते. पण पान प्रामुख्याने लाल आणि निळा प्रकाश वापरतं, आणि हिरवी जाळी नेमका त्यातलाच मोठा वाटा खाते, खाली उरतो तो झाडाच्या दृष्टीने जरा निकृष्ट उजेड. पांढरी नेट प्रकाश पसरवते, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही तो पोचतो, आणि स्वतः कमी तापते. काळी स्वतः तापते पण सगळे रंग सारखेच अडवते, निदान फसवत तरी नाही. पांढरी मिळाली तर पांढरीच घ्या असं मी म्हणेन, नाही मिळाली तर हिरवीही चालेल, ५० टक्क्यांत काम भागतं. पांढरी मळते लवकर, ते एक आहेच.

कापड हातात घेऊन काय बघायचं? एक म्हणजे ती विणलेली कशी आहे. टाक्यांची, म्हणजे स्वेटरसारख्या विणीची असेल तर कुठेही कात्रीने कापा, उसवत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांची असेल तर कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात. दुसरं, धागा गोल आहे की चपट्या पट्टीचा. गोल धाग्याची महाग पडते पण टिकते, पट्टीची स्वस्त असते, सावली बरी देते आणि वाऱ्यात लवकर विरते. मी वापरतेय ती दोन्हीची मिश्र आहे, आणि फाटलीच तर पट्टीच्या बाजूने फाटते. तिसरं, "यूव्ही स्टॅबिलाइज्ड", म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांपासून बचावाचं रसायन घातलेली, असं लिहिलंय का ते विचारा. नेट हाय डेन्सिटी पॉलिथिलीनची असते आणि हे प्लास्टिक उन्हात कडक होऊन भुगा होतं, तो भुगा मग कुंडीतच पडतो, वेचताही येत नाही. स्टॅबिलायझर घातलेली असेल तर काही सीझन निघतात. लिहिलेलं असतं म्हणून घातलेलं असतंच असं नाही, पण लिहिलेलंच नसेल तर सोडून द्या.

आणि ते आयलेट!! तयार मापाच्या नेटला कडेने धातूच्या रिंगा ठोकून देतात, फोटोत फार छान दिसतात, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात रिंग दोरीला लटकत राहते आणि नेट शेजारच्या गच्चीवर. रिंग नुसत्या जाळीला चावलेली असते, तिच्यात कापड असं नसतंच. कडा दोन-तीनदा दुमडून त्यातून नायलॉनची दोरी ओवून घ्या आणि ओढ त्या दोरीवर येऊ द्या, रिंगेवर नको. नाहीतर चाळीस-पन्नास क्लिपा घ्या, त्या चावतात घट्ट आणि जागा बदलता येते. या आयलेटसाठी एक स्टार मी डोळे झाकून कापलाय.

बांधणी हा अर्धा रिव्ह्यू आहे खरं तर. नेट झाडांना टेकवून बांधू नका. शेंड्यांच्या वर निदान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी म्हणजे तापलेली हवा वरून आणि बाजूने निघून जाते, टेकली तर जिथे टेकते तिथलं पान करपतं आणि सगळी मेहनत उलटी. मधे झोळ पडतो, त्यासाठी खालून एक-दोन तारा ताणून घ्या, कारण झोळात पाणी नाही साचत पण पानं, काटक्या, धूळ साचते. वरचं छत झालं की लोक थांबतात, पण हवेच्या तापमानाचा उच्चांक दुपारी दोन ते चारच्या सुमाराला येतो आणि तेव्हा सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो, म्हणजे नेमकं सगळ्यात वाईट ऊन छताच्या खालून तिरकं आत येतं. तेव्हा पश्चिमेला एक पडदा सोडाच. त्याचा आणखी उपयोग म्हणजे गरम कोरडा वारा. भक्कम भिंत वाऱ्याला अडवते आणि तिच्यामागे वारा भोवरे करत खाली आदळतो, अर्धी सच्छिद्र जाळी मात्र त्याचा जोर काढून घेऊन सोडते, त्यामुळे वारा अडवायला ५० टक्केवाली नेट भिंतीपेक्षा सरस ठरते. माझ्याकडे छतापेक्षा हा पडदाच जास्त कामाचा वाटतो, हे वाचून कोणाला पटणार नाही.

चारी बाजू मात्र बंद करू नका. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, मधमाशी आत आली नाही तर बारकी फळं पिवळी पडून गळतात आणि दोष खताला जातो. पूर्वेच्या बाजूने मोकळं ठेवा, नाहीतर फुलं उमलली की नर फूल तोडून मादी फुलावर टेकवत बसा, तेही होतं. शिवाय ही कीड अडवणारी जाळी नाही, पांढरी माशी, मावा आरामात आत येतात, कीडजाळी वेगळी मिळते आणि तिने हवा फार कोंडते. कोरड्या उकाड्यात लाल कोळी वाढतो तो नेटखालीही वाढतोच, पानाच्या पाठीमागून पाण्याचा फवारा मारत राहा.

पाण्याचं वेळापत्रक नेट आल्यावर बदलावं लागतं, आणि हे कोणी सांगत नाही. माती हळू सुकते, जुन्याच हिशोबाने पाणी घालत राहिलात तर मुळं कुजतात. दुपारी पानं मान टाकतात ते बघून लगेच पाईप धरू नका, पानातून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत म्हणून भर दुपारी ओल्या मातीतही झाड मान टाकतं. संध्याकाळी सावरलं तर ठीक आहे. सकाळीही मान खाली असेल तर बोट घालून माती बघा, कोरडी असेल तर पाणी द्या आणि ओली असेल तर मुळांचं काहीतरी बिनसलंय. पाणी सकाळी लवकर, वर दोन-तीन इंच वाळला पालापाचोळा. खरं सांगायचं तर पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी पाचोळा, तो फुकट असतो, आणि मग नेट.

धुळीच्या रस्त्यालगत राहत असाल तर नेट मधूनमधून पाण्याने झोडपून काढा, धूळ बसून ५० ची ६० कधी होते कळत नाही. ढगाळ दिवस लागले की गुंडाळून ठेवता येईल अशीच बांधा, एका बाजूला पक्की आणि दुसऱ्या बाजूला हुकवर. आणि सीझन संपला की भर उन्हात एका झटक्यात काढू नका, सावलीत वाढलेली पानं कोवळी असतात, दोन तासांत भाजतात. ढगाळ दिवस बघून किंवा संध्याकाळी काढा, आधी पश्चिमेचा पडदा तसाच ठेवून नुसतं छत. धुऊन, पूर्ण वाळवून घडी घाला आणि उंदीर लागणार नाहीत अशा डब्यात ठेवा. कापून उरलेल्या तुकड्यांच्या चकत्या करून कुंडीच्या तळाच्या भोकांवर ठेवा, पाणी जातं आणि माती राहते.