रजा माझीच, वसुलीही माझ्याकडूनच

नोकरी सोडताना कंपनी ‘तुम्ही जास्तीच्या रजा घेतल्या आहेत, पैसे भरा’ म्हणायला लागली, तर लगेच हो म्हणू नका. आधी तो हिशेब मागून घ्या, कागदावर. माझ्याकडे मागितलेले पैसे मी देणं लागतच नव्हते आणि हे कळायला मला दोन महिने लागले. माझ्या आधी तिथून गेलेल्यांनी ते मुकाट भरले होते.

पुण्यात खराडीतलं ऑफिस, दीडशेच्या आसपास माणसं, माझं काम इनव्हॉइस तपासायचं. वर्षाला १८ ईएल, म्हणजे कामाच्या बदल्यात मिळणाऱ्या भरपगारी रजा. त्या एक जानेवारीला एकदमच पोर्टलवर दिसायला लागायच्या. फेब्रुवारीत कराडला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी एचआरच्या मॅडमना विचारलंही होतं की एवढ्या सलग रजा घेतल्या तर चालतील का. त्या म्हणाल्या, “अहो, क्रेडिट झाल्यात ना? मग तुमच्याच आहेत, घ्या बिनधास्त.” घेतल्या. मार्चमध्ये पुन्हा ड्रेसिंग, फिजिओ, तेव्हाही घेतल्या.

एप्रिलमध्ये दुसरीकडे ऑफर आली. साठ दिवसांच्या नोटीसमधले पंचेचाळीस भरून २०२५ च्या मेअखेरीस बाहेर पडले. मग तीन आठवडे शुकशुकाट. मेच्या पगाराचं विचारलं की “एफ अँड एफमध्ये येईल”, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, एवढंच. आणि एके दिवशी एका पानाची पीडीएफ आली. ४८,००० पगार, त्यातून पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्स गेला की ४६,०००. खाली लाल अक्षरात तीन ओळी: नोटीसचे पंधरा दिवस २४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,३२०, आणि ‘लीव्ह रिकव्हरी, ६.५ दिवस’ १४,१८२. हातात येणार ३,४९८. सोबत एक ओळ, की हे मान्य असल्याचा मेल आल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर निघणार नाही. इकडे नवी कंपनी ते लेटर रोज मागत होती.

नोटीसच्या चोवीस हजारांबद्दल माझी तक्रार नाही. अपॉइंटमेंट लेटरवर तसं लिहिलं होतं, त्याखाली माझी सही होती. बाकीच्या दोन ओळींचं मात्र काही केल्या पटेना.

मी पडले हिशेबातली. १४,१८२ ला साडेसहानं भागलं तर दिवसाला साधारण २,१८२ येतात. हा आकडा आला कुठून? बावीसनं गुणलं तर बरोबर ४८,०००. म्हणजे पूर्ण ग्रॉस पगार घेऊन महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांनी भागला होता. आता त्याच कंपनीच्या पॉलिसीत शिल्लक रजेचे पैसे द्यायचा नियम काय होता? फक्त बेसिक, भागिले तीस. माझं बेसिक १९,२००, म्हणजे दिवसाचे ६४०. रजा एकच. कंपनी देणार तेव्हा ६४० ची, घेणार तेव्हा २,१८२ ची. त्यांच्याच दरानं काढलं असतं तरी वसुली ४,१६० च्या वर जात नव्हती. फोन करून विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, सिस्टीमच तशी काढते.” या सिस्टीमचे हिशेब कधी चुकून आपल्या बाजूनं का निघत नाहीत, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

पण दर ही किरकोळ गोष्ट. खरी मेख साडेसहा दिवसांत होती. त्यांचा हिशेब असा: महिन्याला दीड रजा, पाच महिन्यांच्या साडेसात, घेतल्या चौदा, म्हणजे साडेसहा उचल. ऐकायला अगदी सरळ वाटतं. माझ्या मामेभावानं, तो लेबर कन्सल्टंटकडे काम करतो, फोनवर एकच प्रश्न विचारला: “ताई, गेल्या वर्षी २४० दिवस भरले होते का तुझे?”

महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे. मी सोडलं तेव्हा, २०२५ च्या मेमध्ये, दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना, ऑफिसांना तो लागू होता आणि कारकुनी, तांत्रिक कामं करणारे त्यात येतात. वरचे मॅनेजर येत नाहीत. त्याच्या १८ व्या कलमात भरपगारी रजेचा हिशेब दिलाय. एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलं, की त्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक रजा पुढच्या वर्षी मिळते. पुढच्या वर्षी, हे नीट वाचा. म्हणजे यंदा हातात पडणारी ही रजा गेल्या वर्षीच्या कामाची असते. २४० दिवस भरले असतील तर निदान बारा दिवस एक जानेवारीलाच आपल्या हक्काचे झालेले असतात. मे महिन्यात सोडा नाहीतर फेब्रुवारीत, त्या बारा दिवसांना कुणी ‘ॲडव्हान्स’ म्हणू शकत नाही. शिवाय न वापरलेली ईएल ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आठ दिवसांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा, वेगळी, ती वर्षाअखेर बुडते.

माझ्या आदल्या वर्षीच्या सहा रजा शिल्लक होत्या. पीडीएफमध्ये ‘ओपनिंग बॅलन्स’च्या घरात शून्य. बारा आणि सहा अठरा, मी घेतल्या चौदा. उचल कुठाय?

तोपर्यंत पोर्टल बंद झालं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जमा केला त्याच मिनिटाला लॉगिन गेलं, आणि रजेचा सगळा हिशेब त्याच्या आत. मला तारलं ते डिसेंबरच्या पगारपत्रकानं. गृहकर्जासाठी बँकेनं सहा महिन्यांच्या स्लिपा मागितल्या होत्या म्हणून त्या माझ्या घरच्या मेलवर होत्या, आणि स्लिपच्या अगदी तळाशी, जिथं आपण कधी बघत नाही, बारीक अक्षरात ‘ईएल बॅलन्स ६’ असं छापलेलं. राजीनामा द्यायच्या आधीच पगाराच्या स्लिपा, रजेचं पान आणि पॉलिसीची पीडीएफ स्वतःकडे उतरवून घ्या. राजीनामा दिल्यावर लोक एकदम बदलतात. चहाला हाक मारणारेसुद्धा.

जीएसटीचं तर सरळच होतं. केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळानं ३ ऑगस्ट २०२२ ला १७८ क्रमांकाचं परिपत्रक काढून सांगितलंय, की नोटीस न भरल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून घेतलेली रक्कम हा कुठल्याही सेवेचा मोबदला नाही, त्यावर जीएसटी लागत नाही. तीन वर्षं होत आली तरी यांच्या फॉर्म्युल्यात तो होताच. ते ४,३२० सरकारकडे जाणार होते की कुठे, याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही.

मी मेल केला. कलम, परिपत्रक, डिसेंबरची स्लिप जोडली आणि प्रत्येक ओळीचा आधार लेखी मागितला. उत्तर मेलवर आलंच नाही, फोन यायला लागले. “एवढं ताणायला काय झालं? पुढं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फोन आम्हालाच येणार आहे ना.” बोलणं गोडच होतं. अशा प्रत्येक फोननंतर मी ‘आत्ता आपलं असं असं बोलणं झालं’ म्हणून चार ओळींचा मेल टाकत गेले. फोन थांबले. पीएफवर त्यांनी नोकरी सोडल्याची तारीखही टाकली नव्हती. ती शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आपल्या यूएएनवरून, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकावरून, आपल्यालाच टाकता येते, त्यासाठी कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

नव्या ऑफिसला खरं काय ते सांगितलं आणि राजीनामा स्वीकारल्याचा मेल दिला. त्यांनी तेवढ्यावर रुजू करून घेतलं. सगळीकडे असं होतंच असं नाही, याची मला कल्पना आहे. पण ती अडवणूक सुटली तेव्हाच मला हात मोकळे झाले. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच कंपनीला पाठवली. आठवड्याभरात नवी पीडीएफ आली. रजेची ओळ गायब, जीएसटी गायब, हातात २२,०००. सहा शिल्लक रजांबद्दल एक अक्षर नाही, आणि माफी वगैरे तर दूरच. ‘रिव्हाइज्ड’ एवढाच शब्द.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचं देणं चुकतं करायचं आहे, आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. माझ्या पहिल्या कागदात ४४,५०२ कापले होते, ४८ हजारांतून.

जुन्या टीममधल्या दोघांना मी माझे दोन्ही कागद पाठवले. दोघांकडूनही अशीच वसुली झाली होती. एकानं मेल लिहिला आणि त्याचे पैसे आले. दुसरी म्हणाली, “जाऊ दे गं, पुन्हा त्यांचं तोंड कोण बघणार.” तिचे अकरा हजार अजून तिकडेच आहेत.