तुकडा मोठा करायचा, तुकडे जोडायचे की प्राणी आणून सोडायचे?

अधिवासाचे तुकडे पडले की प्रजाती टिकणं दोन वेगांवर ठरतं: वस्ती असलेले तुकडे किती झपाट्याने रिकामे होतात आणि रिकामे किती झपाट्याने पुन्हा भरतात. परिस्थितिकीतज्ज्ञ रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये हे समीकरणात मांडलं. रिकामं होण्याचा दर वर्षाला ०.२ आणि वसण्याचा ०.५ धरला, तर समतोलात ६० टक्के तुकडे भरलेले आणि ४० टक्के रिकामे राहतात. याच दरांना सरसकट ६० टक्के तुकडे नष्ट झाले, तर उरलेले उत्तम असूनही वसण्याचा वेग रिकामं होण्याला पुरा पडत नाही आणि प्रजाती हळूहळू संपते. ‘इथे काहीच नाही’ म्हणून रिकामा तुकडा सोडून देणं म्हणूनच फार महागात पडतं.

त्यामुळे खर्चाआधी पाहणी. लागोपाठ किमान दोन प्रजनन हंगाम, रिकामे धरून सगळे तुकडे, प्रत्येकी किमान तीन फेऱ्या. प्राणी असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता निम्मीच असेल, तर तीन फेऱ्यांनंतरही आठातला एक भरलेला तुकडा चुकून रिकामा नोंदला जातो.

भरलेले तुकडे भराभर रिकामे होत असतील, तर क्षेत्र वाढवा. कडेचा ऊन-वारा आणि शिकारी ५० मीटर आत पोहोचतात असं धरू. १०० मीटर बाजूच्या चौरसात गाभा, म्हणजे कडेची झळ न पोहोचणारा आतला भाग, उरतच नाही. ३१६ मीटर बाजूच्या, म्हणजे सुमारे १० हेक्टरच्या चौरसात ४७ टक्के उरतो, एक किलोमीटर बाजूच्या चौरसात ८१ टक्के. तेवढंच क्षेत्र लांबट पट्ट्यात मिळालं, तर हा फायदा बराचसा जातो.

रिकामे तुकडे भरतच नसतील, तर दुवा हवा. प्राणी सरासरी एक किलोमीटर पांगतात आणि अंतरानुसार पोहोचणारे घातांकी दराने, म्हणजे दर किलोमीटरला त्याच प्रमाणात, घटतात असं धरलं, तर एक किलोमीटरपलीकडे ३७ टक्के पोहोचतात, तीन किलोमीटरपलीकडे जेमतेम ५. जमिनीवरून सरपटणाऱ्या किंवा उघड्यावर यायला बिचकणाऱ्या प्राण्यांना सलग पट्टा लागतो; उडणाऱ्यांना बहुधा मधले छोटे टप्पे पुरतात आणि त्यांना जमीनही कमी लागते. वरच्याच हिशेबाने ५० मीटर रुंदीचा पट्टा म्हणजे नुसती कड. त्यातून ये-जा होईल, पण गाभ्यातल्या प्राण्याने तिथे वीण करावी ही अपेक्षा ठेवू नये. पट्ट्याच्या टोकाला निकृष्ट तुकडा असेल, तर चांगल्या तुकड्यातले प्राणी तिकडे जाऊन मरत राहतात.

प्राणी आणून सोडणं हा सर्वांत जलद आणि सर्वांत गैरसमजाचा उपाय. फ्लोरिडात १९९५ मध्ये टेक्सासमधून प्यूमा या मोठ्या रानमांजराच्या आठ माद्या आणून सोडल्या. तिथल्या वीस-तीस प्राण्यांत अंतःप्रजननाने, म्हणजे जवळच्या नात्यातच वीण होत राहिल्याने, हृदयदोष आणि वाकड्या शेपट्या आल्या होत्या. नवं रक्त मिळाल्यावर संख्या कित्येक पटींनी वाढली. रोग नेमका तोच असल्याने उपाय लागू पडला. अन्न तुटल्याने किंवा शिकारीमुळे तुकडा रिकामा झाला असेल, तर सोडलेले प्राणीही त्याच कारणाने जातात.

या तिन्हींत न बसणारा धोका म्हणजे सगळीकडे एकाच वेळी येणारं संकट. फिनलंडच्या ओलांड बेटांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराच्या अधिवासाचे सुमारे चार हजार तुकडे आहेत; २०१८ च्या दुष्काळात सुरवंटांच्या खाद्यवनस्पती व्यापक भागात वाळल्या आणि संख्या कोसळली. शेजारीही कोरडाच असेल, तर दुव्याचा उपयोग काय? म्हणून नवीन तुकडा निवडताना जुन्यांपेक्षा ओलसर, वेगळ्या उताराचा किंवा वेगळ्या मातीचा घ्यावा, थोडा लांब पडला तरी.

दुवा जोडल्यावर कॅमेऱ्यात जाणारे प्राणी मोजून काम झालं असं ठरवू नका. पलीकडच्या रिकाम्या तुकड्यात पिल्लं दिसेपर्यंत तो तुकडा ‘भरला’ म्हणून नोंदवू नये.