सनदेचे पैसे मोजण्याआधी शिक्का वाचून घ्या

देवस्थानाच्या इनामाची पेशवेकालीन मूळ सनद मिळवून देतो, असं सांगत एक इसम आमच्या भावकीत शिरला. बोलणं गोड, दफ्तरी शब्द तोंडपाठ, मोडी तर घडाघडा वाचायचा. भावकीनं वर्गणी काढून ४१ हजार रुपये मोजले. कागद आला कुठून, याला त्याचं ठरलेलं उत्तर: ‘एका जुन्या वाड्यातून निघाला, मालकाला नाव नकोय.’

पाणी इथंच मुरत होतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशवाईच्या जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत बांधलेले आहेत. तिथली नक्कल असेल तर रुमाल कुठला ते सांगता येतं. घरातला कागद असेल तर घराणं, गाव, सोबतचे कागद यांचा काही पत्ता लागतो. ही सनद एकटीच, आगापिछा नसलेली. आणि खरी असती तरी ७५ वर्षांहून जुन्या ऐतिहासिक कागदांचा विनापरवाना धंदा करायला १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे.

नंतर मोडीच्या एका जाणकारांना ती दाखवली. मजकूर बाजूला ठेवून त्यांनी आधी शिक्का वाचला: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाळाजी बाजीराव प्रधान’. मिती मात्र शके १६९० ची, म्हणजे इ.स. १७६८! शाहू महाराज वारले १७४९ मध्ये, बाळाजी बाजीराव म्हणजेच नानासाहेब पेशवे १७६१ मध्ये. १७६८ साली गादीवर रामराजे आणि पेशवेपदी माधवराव. मग हा शिक्का उठवला कुणी? संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं नाव, लिहिलं होतं विक्रम. ते शके १६८२ चं, पानिपताच्या वर्षाचं. १६९० ला सर्वधारी येतं. हे घरबसल्या तपासता येतं. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक. १६९० ला बाकी २२, बाविसावं सर्वधारी.

शाईही तपकिरी. जुन्या कागदांवरची काजळाची शाई इतक्या वर्षांनीही काळीच राहते. कागद चहात बुडवल्यासारखा सगळीकडं सारखाच पिवळा, घड्या मात्र कोऱ्या करकरीत. एवढी मेहनत घेणाऱ्यानं निदान पेशव्यांची वंशावळ तरी बघायची!

शेजारच्या गावातल्या एका घराण्यालाही त्यानं पाटीलकीची सनद विकली आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले. शिक्का तोच, आणि ‘हर्ष’वरचा रफार दोन्हीकडं एकाच जागी तुटलेला. दोन्ही घरांनी मिळून पोलिसांत अर्ज दिलाय. त्याचा फोन बंद आहे.