चासी उघडी करायची की ठिगळ लावायचं, ड्रम ठेवायचे की डिस्क बसवायच्या?

जुनी फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) दुरुस्तीला काढली की पहिला वाद पेटतो तो ब्रेकवरून. ड्रमच राहू द्यायचे की डिस्क बसवायच्या? माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी चासी बघा, म्हणजे बॉडी आणि इंजिन ज्यावर बसतं तो खालचा लोखंडी सांगाडा. तिथे काय निघतं त्यावर बाकीचं ठरतं, अगदी ब्रेकचे पाइप कुठून न्यायचे इथपर्यंत.

चासीला वाटा दोन. बॉडी जागेवर ठेवून गंजलेला भाग कापायचा आणि तिथे नवा पत्रा जोडायचा. नाहीतर बॉडी, इंजिन, अ‍ॅक्सल सगळं उतरवून चासी उघडी करायची. पहिल्या वाटेने गाडी लवकर चालती होते. दुसरीत शेड अडकून पडते, आणि खोललेली गाडी तशीच सुट्या भागांत विकायची वेळ येणारे लोकही कमी नसतात.

तरी निवड हौसेवर सोडू नका, गंजाच्या जागेवर सोडा. जुन्या लँड रोव्हरची चासी पत्र्याच्या चार पट्ट्या जोडून केलेली, आतून पोकळ. चिखल आत शिरतो, ओल धरून बसतो आणि पत्रा आतून खातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतलं लोखंड बरंचसं संपलेलं असतं. म्हणून लहान हातोडीने ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, खाल्लेला बद्द वाजतो. मागचा क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा), पाट्यांचे म्हणजे लीफ स्प्रिंगचे हँगर, बॉडीला आधार देणारे आडवे हात, इथे सावकाश ठोका. एखादा आडवा हातच गेला असेल तर तेवढ्यासाठी बॉडी उतरवण्यात अर्थ नाही. पण पाट्याच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या जागी बद्द आवाज आला, तर बॉडी उतरवा. उघड्या चासीचे दोन्ही कर्णही नीट मोजता येतात. त्यांत फरक निघाला तर चासी तिरकी झाली आहे, आणि तिच्यावर नवे ब्रेक लावूनही गाडी एका बाजूला ओढत राहील.

ठिगळ लावायचंच असेल तर गंजावर पत्रा चढवू नका. स्वच्छ लोखंड लागेपर्यंत कापा. आणि पट्टीची टोकं तिरकी ठेवा, कारण चासीच्या लांबीला काटकोनात मारलेलं सरळ वेल्डिंग खडकाळ वाटेवर नेमकं तिथेच तडकतं.

रंग की गॅल्व्हनायझिंग? सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात चासी बुडवली की आतूनही लेप बसतो, जिथे ब्रश कधीच पोहोचत नाही. मात्र सगळं वेल्डिंग त्याआधी उरकलेलं हवं, पोकळ भागांना हवा जायला भोकं हवीत (बंद पोकळी त्या तापमानात फुटू शकते), आणि नंतर आटे पुन्हा काढावे लागतात. पातळ झालेली जुनी चासी वाकण्याचाही धोका असतो. ठिगळांची चासी असेल तर मी बाहेरून रंग आणि आतून मेण फवारून घेईन. नवी किंवा भक्कम असेल तर जस्त.

आता ब्रेक. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा, त्याला आतून शू नावाच्या वाकड्या पट्ट्या दाबतात. त्यातला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर आणखी घट्ट बसतो, त्यामुळे बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) नसला तरी चालून जातं. पण पाण्यातून गाडी काढली की आत ओल राहते आणि थोडा वेळ पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, पेडल खाली जातं. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, तिला कॅलिपर दोन बाजूंनी पॅडने चिमटतो. ती उघडी असते. पाणी लगेच झटकते, लवकर थंड होते. तिला ती आपोआप मिळणारी मदत मात्र नाही. म्हणजे बूस्टर लागतो, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) बदलावा लागतो, आणि कॅलिपर रिमच्या आत घासतो का तेही बघावं लागतं.

एक बारकी गोष्ट हमखास राहून जाते. ड्रमच्या लाइनमध्ये बहुधा १० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून डिस्क बसवली तर पॅड कायम घासत राहतात आणि चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, हात लावू नये इतका तापतो. डिस्कला २ पीएसआयचा पुरतो. जुन्या जीपसारखा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल तर तो लावाच, नाहीतर ऑइल कॅलिपरमधून मागे उतरतं.

पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर डिस्क सोडा. जुन्या गाड्यांत सहसा एकच सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलची एकच वाट असते; एक होज (रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पुढचे-मागचे ब्रेक वेगळे करणारा दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, चाकांत शू ढकलणारे नवे व्हील सिलिंडर, नवे होज, नीट लावलेले शू: एवढं आधी. त्यानंतर हवं तर फक्त पुढे डिस्क. मागे ड्रमच बरे. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्समागच्या) ड्रमवर असेल तर मागेही डिस्क चालते, मागच्या चाकांत असेल तर तिथे उगाच नवा घोळ होतो.

पाइप निकेल मिसळलेल्या तांब्याचे घ्या. ते गंजत नाहीत. साधं तांबं कंपनांनी कडक होऊन चिरतं. बॉडी चढवण्याआधी कुणालातरी पेडल दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक सांध्यावर कागद फिरवून ओल येते का बघा. बॉडी चढल्यावर मागच्या क्रॉस मेंबरवरच्या सांध्यांना पाना पोहोचत नाही.