ग्रॅव्हल सायकल घेऊन पहिल्यांदा कुठे जावं: चिखलदरा की नवेगावबांध?

भाच्याने नागपुरात ग्रॅव्हल सायकल घेतली, म्हणजे मुरमाच्या, खडीच्या कच्च्या वाटांवरही चालणारी सायकल. वाकडं हँडल, ४० मिलिमीटरचे टायर, डिस्क ब्रेक. सायकल घरी आली त्याच रात्री त्याचा फोन: "मामा, डिसेंबरात दोन दिवस मोकळे आहेत. चिखलदरा करू की नवेगाव?" मी अचलपूरकडचा, त्यामुळे त्याला वाटलं मी डोळे मिटून चिखलदरा म्हणेन. मी नवेगाव म्हटलं. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

त्याच्या डोक्यात आल्प्सचे व्हिडिओ होते. इटलीतला कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा घाट २,१७८ मीटर उंचीवर आहे. माथ्याकडचे आठेक किलोमीटर कच्चे आहेत, आणि २००५ मध्ये जिरो द'इतालिया ही मोठी शर्यत त्यावरून गेली. तिकडच्या डोंगरांतले असे कितीतरी रस्ते लष्कराने बांधले. पुढे सैन्याला त्यांची गरज उरली नाही, पण दगड दाबून बसवलेली वाट तशीच राहिली. म्हणून तिथे उंच डोंगर आणि कच्चा रस्ता एकाच ठिकाणी सापडतात. आपल्याकडे या दोन गोष्टींची ताटातूट आहे. सातपुड्यात चढ आहे, पण तो डांबरी. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या भागात, मुरमाच्या वाटा हव्या तेवढ्या, पण चढ नावालाच. हे आधी समजून घेतलं नाही, तर दोन्हीकडे निराशा होते.

चिखलदऱ्याचं सांगतो. अचलपूर-परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा अकराशेच्या वर. म्हणजे सातशे मीटरहून जास्त चढ, तोही एका दमात. धामणगाव गढीवरून गेलात तर अंतर कमी, तीसेक किलोमीटर. घटांगवरून गेलात तर बरंच जास्त, पण सागाच्या जंगलातून आणि जरा सवडीने चढणारं. मी नवख्याला नेहमी घटांगकडून चढायला आणि धामणगाव गढीकडे उतरायला सांगतो. चढताना सावली मिळते आणि उतरताना परतवाडा लवकर गाठता येतो. शनिवार-रविवारी मात्र दोन्ही रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्या असतात, आणि वळणावर हॉर्न न देता समोरून येणारी गाडी सायकलवाल्याला फार महाग पडू शकते. जमत असेल तर मंगळवार-बुधवार धरा.

वर पोहोचल्यावर गाविलगड आहेच. १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतलेला हा किल्ला आत इतका पसरलेला आहे की सायकल बाहेर ठेवून अर्धा दिवस पायी फिरावं. जवळच्या मोथा गावात गवळी वस्ती आहे. तिथला खवा आणि चिखलदऱ्याची रबडी हे चढाचं खरं बक्षीस. पण ग्रॅव्हल म्हणाल, तर गावांना जोडणारे थोडेसे तुकडे सोडून फारसं हाती लागत नाही. मुख्य रस्त्यातून फुटणाऱ्या ज्या कच्च्या वाटा बघून मन ओढ घेतं, त्यातल्या बहुतेक वनविभागाच्या आहेत. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आत आपल्या मर्जीने सायकल घालता येत नाही, आणि घालूही नये. जे तुकडे मिळतात ते बेसॉल्टच्या फुटलेल्या गिट्टीचे असतात, कडा धारदार. माझ्या मागच्या टायरची बाजू अशाच एका तुकड्यावर बोटभर चिरली. ट्यूब नसलेल्या टायरमधलं भोकं बुजवणारं द्रव, म्हणजे सीलंट, फसफसत बाहेर आलं आणि चीर काही बुजली नाही. शेवटी नोटेची घडी आतून लावून, ट्यूब घालून खाली उतरलो.

आता नवेगावबांध. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर देवलगावला उतरलं की तलाव जवळच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचं सांगतात. भंडारा-गोंदिया पट्ट्यात असे लहानमोठे तलाव जागोजागी आहेत. मालगुजारी, म्हणजे जमीनदारांमार्फत शेतसारा वसूल करण्याची पद्धत, गेली, तलाव सरकारकडे आले आणि कागदोपत्री नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. लोक म्हणतात मामा तलाव. सायकलवाल्याला यातलं महत्त्वाचं एवढंच की प्रत्येक तलावाला पाळ (मातीचा बांध) असते, पाळीपासून गावाकडे वाट असते, गावातून बांध्यांकडे (धानाच्या शेतांकडे) पांदण, म्हणजे शेतरस्ता, जाते आणि ती पुढच्या गावच्या बोडीशी (लहान तळ्याशी) निघते. या जाळ्यातून तासन् तास जाता येतं आणि डांबर अधूनमधून फक्त ओलांडावं लागतं. जमीन बहुतेक ठिकाणी लालसर मुरमाची, पाणी लवकर सोडणारी. टायरखाली एकसारखा खसखस आवाज येत राहतो आणि मनगटांना धक्के कमी बसतात.

मी केलेला फेरा असा: नवेगावबांधहून अर्जुनी मोरगाव, तिथून गोठणगाव, प्रतापगड आणि इटियाडोह धरण, मग कालव्याच्या काठाकाठाने जमेल तेवढं परत. गोठणगावला १९७० च्या दशकापासून तिबेटी वसाहत आहे. धानाच्या बांध्या संपतात आणि अचानक प्रार्थनेच्या पताका दिसतात. डोंगराळ मुलखातली ती माणसं इतक्या सपाट, इतक्या उष्ण प्रदेशात येऊन राहिली, हे तिथे गरम मोमो खाताना मला राहून राहून जाणवत होतं. प्रतापगडच्या डोंगरावर शिवमंदिर आहे आणि दर्गाही. या फेऱ्यातला दम काढणारा चढ तेवढा एकच, आणि तो पायी करावा लागतो.

दिवाळीनंतर गेलात तर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरलेली असते आणि रात्री झाडीपट्टीची नाटकं. एका गावात मी पाणी मागायला थांबलो, तर घरातल्या बाईंनी "जेवल्याबिगर कसं जाता भाऊ" म्हणत भात आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा वाढला. हापशी दर गावात आहे आणि गावं जवळजवळ. मेळघाटात असं नाही. तिथे एका कोरकू गावापासून दुसरं गाव लांब, मोबाइलला रेंज नसलेले पट्टे मोठे, त्यामुळे दोन लिटर पाणी आणि खाणं सोबत हवंच.

नवेगावकडचा त्रासही सांगायला हवा. नोव्हेंबरात कापणी-मळणीच्या दिवसांत रस्त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलेलं असतं. ते मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागात) गुंडाळलं गेलं की तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकतो. तणस दिसलं की पेडल मारणं थांबवा, सायकल नुसती घरंगळू द्या, नाहीतर उतरा. सराटे आणि बाभळीचे काटे दोन्हीकडे आहेत. ट्यूबलेस टायर नसतील तर दिवसाला दोनतीन पंक्चर धरून चाला. परतवाडा काय किंवा अर्जुनी काय, साध्या ट्यूबचं पंक्चर कुठेही निघेल. ट्यूबलेसचं सामान मात्र आपलंच लागतं.

अमरावती-अकोल्याकडच्या ज्यांना वाटतं की घराजवळच्या पांदणीवर आधी हात बसवू, त्यांना काळ्या मातीबद्दल सांगतो. कोरडी असेल तर ठीक, फक्त बैलगाडीच्या चाकोऱ्यांत पुढचं चाक अडकतं. पण परतीच्या पावसाची एक सर आली की ही माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी भरते की चाक फिरतच नाही. ऑक्टोबरात एकदा मी धुऱ्याधुऱ्याने दोन किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन आलो आहे. पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस पडून गेल्यावर तीनचार दिवस कडक ऊन पडेपर्यंत पांदणीत शिरू नका.

जनावरांबाबत दोन्हीकडे सारखीच काळजी. सायकलचा आवाज होत नाही, आणि तोच धोका आहे. अस्वलाला माणूस अचानक समोर दिसला की ते अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो तेव्हा पहाटे झाडाखाली अस्वल असण्याची शक्यता खूप, म्हणून त्या दिवसांत मी झाडीपट्टीत जातच नाही. एरवीही सूर्य चांगला वर आल्यावर निघायचं, पाचच्या आत मुक्कामी यायचं, झुडपी वळणांवर घंटी वाजवत राहायचं. गावकरी "तिकडून जाऊ नका, वाघ फिरून राहिला" म्हणाले, तर वाद न घालता वाट बदलायची. रोज तिथे गुरं चारणाऱ्या माणसाचं ऐकायलाच हवं.

गिअरचा हिशेब दोन्हीकडे वेगळा. चिखलदऱ्यासाठी पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होईल इतका हलका गिअर हवा, म्हणजे पुढे ४० दात तर मागे निदान ४०. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी जोर लावून वेग कमी करा आणि मग सोडा. नवेगावला यातलं काहीच लागत नाही. जाड टायरची साधी हायब्रिडही चालते. सत्तर किलोच्या माणसाने ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा ठेवली की मुरमावर छान पकड मिळते. घाटाच्या डांबरावर थोडी वाढवा.

लोणारचंही लोक विचारतात. विवर बघायला जरूर जा, पण खाली पायीच उतरावं लागतं, आणि आजूबाजूच्या शेतरस्त्यांवर पुन्हा काळी माती.

म्हणून माझं मत असं. सायकल नवी असेल, सोबत घरचं कुणी असेल, किंवा ग्रॅव्हल म्हणजे नेमकं काय ते अनुभवायचं असेल, तर नोव्हेंबर अखेर ते जानेवारी नवेगावबांध. पाय तयार असतील आणि घाटाचीच भूक असेल तर चिखलदरा, पण ती रस्त्यावरची सायकलस्वारी आहे हे मनाशी धरून. भाचा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देवलगावला उतरणार आहे. त्याला जाड जाकीट घ्यायला सांगितलं आहे, कारण गोंदियाकडची पहाट अनेकदा विदर्भात सगळ्यात गार असते.