'लॉर्ड'मधली भाकरी शोधताना : दोन फुकट कोशांची पारख

इंग्रजी घेऊन बीए-एमए करणाऱ्या गोव्यातल्या मुलांना जुन्या इंग्रजी शब्दाचे कूळ शोधायचे तर दोन कोश घरबसल्या फुकट उघडतात : डग्लस हार्पर यांचा एटिमॉनलाइन हा व्युत्पत्तिकोश आणि बॉसवर्थ-टॉलर हा जुन्या इंग्रजीचा (ओल्ड इंग्लिशचा) कोश. दोघांचे काम वेगळे. कसोटीला 'ह्लाफ' हा जुन्या इंग्रजीतला शब्द घेऊ, म्हणजे आजचा 'लोफ'.

आधी एटिमॉनलाइन उघडा. 'लोफ' टाकले की नाम आणि क्रियापद अशा दोन नोंदी येतात, आणि पहिली चूक इथेच होते. उनाडक्या करणे या अर्थाचा 'लोफ' एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी शब्द. भाकरीशी त्याचे नाते नाही. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव पोर्तुगीजांकडून आलेला आणि पाव किलोतला पाव संस्कृत 'पाद'वरून, तसेच हे. नामाची नोंद नीट वाचा : ह्लाफ म्हणजे एकूणच पाव-भाकरी. पुढे ती जागा 'ब्रेड'ने घेतली आणि 'लोफ'कडे भाजलेला अख्खा पाव एवढाच अर्थ उरला.

त्याचा गोतावळा मात्र पाहण्यासारखा आहे. 'लॉर्ड' मूळचा ह्लाफ-वेअर्द, भाकरीचा राखणदार. 'लेडी' पीठ मळणारी. घरचा आश्रित नोकर तो ह्लाफ-एटा, भाकरी खाणारा. 1 ऑगस्टचा 'लॅमस' म्हणजे नव्या गव्हाच्या पावाचा सण. आपल्याकडे राय गावात 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, त्याच जातीचा. 'लेडी'च्या नोंदीतून मूळ धातूच्या पानावर जा. तिथे मळलेल्या पिठाचा 'डो' आणि आपला 'देह' एकाच धातूखाली सापडतात : आकार देणे, घडवणे. मराठी वाचकाने हे पान चुकवू नये. फक्त धातूआधीची तारका विसरू नका. ते रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, तुलनेने बांधलेले आहे.

एटिमॉनलाइनची उणीव अशी की जुन्या इंग्रजीतली वाक्ये तिथे क्वचितच मिळतात. शब्द प्रत्यक्ष कसा वापरला गेला हे बघायला बॉसवर्थ-टॉलरच हवा. मुख्य कोश 1898चा, टॉलर यांची पुरवणी 1921ची, आणि प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने ते ऑनलाइन आणले. पुरवणीत मुख्य कोशातल्या चुका दुरुस्त केलेल्या आहेत, म्हणून ती वाचल्याशिवाय अर्थ पक्का धरू नये.

इथे अडचणी तीन. दीर्घ स्वरावर पाठ्यपुस्तकात आडवी रेघ असते, इथे तिरपी, शब्द तोच. 'थ'साठी थॉर्न आणि एथ अशी दोन अक्षरे आहेत आणि दोन्ही टीनंतर लागतात. तिसरी सर्वात जाचक : 'ये' हा उपसर्ग. तो जीने लिहितात, म्हणून तो लागलेले शब्द इथे जीखाली. क्लार्क हॉलच्या छोट्या कोशात तेच शब्द उपसर्ग सोडून मूळ अक्षराखाली असतात, त्यामुळे त्या कोशाची सवय झालेला विद्यार्थी 'शब्दच नाही' म्हणून उठतो.

अर्थ व्हिक्टोरियन इंग्रजीत, मधूनच लॅटिनमध्येही दिलेले आहेत. व्युत्पत्तीसाठी या कोशावर विसंबू नका, संशोधन तेव्हापासून बरेच पुढे गेले आहे. पण बायबलच्या जुन्या भाषांतरातले, माणूस केवळ भाकरीवर जगत नाही हे वाक्य 'ह्लाफ'सकट वाचायला मिळते, तेव्हा बारीक टाइप आणि संक्षेपांचा त्रास वसूल होतो.