नागपूर ते न्हावा शेवा: कंटेनर रेल्वेने पाठवावा की ट्रेलरने?

विदर्भातील निर्यातदाराचा कंटेनर न्हावा शेवा बंदरात दोन वाटांनी पोहोचतो. एक म्हणजे कारखान्यातच भरून, सील करून, थेट ट्रेलरने. दुसरी नागपूरच्या आयसीडीतून, म्हणजे अंतर्देशीय कंटेनर डेपोतून, रेल्वेने. आजवर ही निवड भाडे आणि लागणारे दिवस यांवर होत असे. आता युरोपातील ग्राहक वाहतुकीतील कार्बनचा हिशेबही मागू लागले आहेत आणि कागदपत्रांचे बहुतेक काम ऑनलाइन झाले आहे, त्यामुळे दोन्ही वाटा नव्याने पडताळून पाहणे आवश्यक झाले आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. युरोपीय संघाचा सीमा-कार्बन कर, म्हणजेच सीबीएएम, 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष लागू झाला असला, तरी तो पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारख्या मालाच्या उत्पादनातील उत्सर्जनावर आहे. कंटेनर बंदरापर्यंत कसा गेला याच्याशी त्याचा संबंध नाही. जहाज कंपन्या बिलात लावतात तो उत्सर्जन अधिभारही समुद्रप्रवासापुरताच असतो. नागपूर ते बंदर या टप्प्याचा आकडा लागतो तो ग्राहकाच्या स्वतःच्या पुरवठा साखळीच्या अहवालासाठी, आणि तो कसा मोजावा हे आयएसओ 14083 या 2023 च्या मानकात दिलेले आहे. त्यामुळे रेल्वेने माल पाठवून कर वाचेल, असे कोणी सांगत असल्यास त्यावर विसंबू नये.

उत्सर्जनाच्या बाबतीत मात्र रेल्वेची बाजू निर्विवाद भक्कम आहे. समृद्धी महामार्ग धरून नागपूर ते बंदर हे अंतर साधारण पावणेआठशे किलोमीटर होते. तांदळाने भरलेला वीस फुटी कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर चालतो असे धरले, तर 220 लिटर डिझेल लागते, आणि एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका फेरीचे जवळपास 600 किलो. वाहतूकदाराच्या कोटेशनमध्ये एवढाच आकडा दाखवला जातो. प्रत्यक्षात रिकामा कंटेनर बहुधा बंदराजवळच्या यार्डातून वर आणावा लागतो. ती खेप मिळवली की हिशेब एक टनाच्या घरात जातो. रेल्वेमार्ग विद्युतीकृत असला, तरी वीज बहुतांशी कोळशाचीच असल्याने रेल्वेला ‘शून्य उत्सर्जन’ म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही डेपोपर्यंतचा ट्रेलर आणि रिकाम्या कंटेनरची ने-आण धरून ढोबळ गणित केले, तर रेल्वेचा आकडा रस्त्याच्या निम्म्याहून बराच खाली राहतो.

वेळेच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ट्रेलर माल भरला की निघतो. रेल्वेला मात्र रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, भरावी लागते, आणि 45 वाघिणींच्या रेकमध्ये वीस फुटी 90 कंटेनर मावतात. शिवाय बंदरात पाच कंटेनर टर्मिनल असल्याने एकाच गाडीत वेगवेगळ्या टर्मिनलचे कंटेनर असतात, ते वेगळे करण्यात वेळ जातो, आणि जहाजाचा गेट कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याची अंतिम वेळ, त्यासाठी थांबत नाही. समर्पित मालवाहतूक मार्गावर दुहेरी थराच्या, म्हणजे कंटेनरवर कंटेनर रचलेल्या, गाड्या धावतात हे खरे, पण तो मार्ग वैतरणा-सुरतमार्गे दादरीकडे जातो. नागपूरची गाडी भुसावळ-मनमाडमार्गे जुन्याच रुळांवरून एकेरी थराने येते. याउलट समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाल्यापासून ट्रेलरची कसारा घाटातली रखडपट्टी कमी झाली आहे.

डिजिटल सोयींच्या बाबतीत निवाडा इतका सरळ नाही. न्हावा शेव्यात 2016 पासून आयात-निर्यातीच्या कंटेनरवर आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या ओळखपट्ट्या, लावले जातात आणि लॉजिस्टिक्स डेटा बँक या कंटेनरचा माग ठेवणाऱ्या सेवेच्या संकेतस्थळावर कंटेनर क्रमांक टाकला की तो कोणत्या नोंदकेंद्रावरून कधी पुढे गेला हे कळते. रस्त्यावर याच्या जोडीला फास्टॅग, ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी परवाना) आणि वाहतूकदाराचे जीपीएस असते, म्हणून ट्रेलरचा माग अधिक बारकाईने लागतो. पण ही माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते आणि डिझेलची खरी नोंद चालकाच्या वहीतच राहते. कार्बनच्या हिशेबाला नेमकी तीच लागते. रेल्वेच्या माहितीत बारकावा कमी असला, तरी अंतर आणि वजन अधिकृत नोंदीत असल्याने लेखापरीक्षकासमोर तो आकडा सहज टिकतो.

सीमाशुल्काचे काम आयसीडीत नागपुरातच पुरे होते, हा रेल्वेचा कमी सांगितला जाणारा फायदा आहे. तपासणीत काही शंका निघाली, तर सीएचए (सीमाशुल्क दलाल) आणि कारखान्याचा माणूस तासाभरात तिथे पोहोचू शकतात. बंदराजवळच्या पार्किंग प्लाझात अडकलेल्या ट्रेलरसाठी ते शक्य नसते. याची दुसरी बाजूही आहे. आयसीडीतून गेलेल्या मालाच्या शिपिंग बिलाची, म्हणजे निर्यातीच्या सीमाशुल्क घोषणापत्राची, नोंद बंदरातील जहाजाच्या ईजीएमशी (जहाजावर चढलेल्या निर्यात मालाच्या यादीशी) जुळली नाही, तर एसबी006 हा त्रुटीसंकेत येऊन आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक जीएसटीचा, परतावा अडकतो. जहाज सुटल्यानंतर आठवडाभरात ही नोंद आइसगेट या सीमाशुल्क विभागाच्या पोर्टलवर तपासण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे असावी.

इलेक्ट्रिक ट्रेलरचा पर्याय नागपूरकरांनी तूर्त बाजूला ठेवलेला बरा. सप्टेंबर 2025 मध्ये न्हावा शेव्यात बॅटरी बदलता येणाऱ्या अवजड ट्रकांचा ताफा सुरू झाला, पण तो बंदराच्या आवारातील कामासाठी आहे. तळोजा किंवा भिवंडीच्या गोदामांनी त्याचा विचार जरूर करावा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ट्रकमागे कमाल 9.6 लाख रुपयांचे प्रोत्साहन आहे, मात्र त्यासाठी जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला लागतो.

तांदूळ, सूत, फेरोमिश्रधातू असा जड आणि न नासणारा माल असेल, दरमहा ठरावीक कंटेनर जात असतील आणि कट-ऑफच्या चार-पाच दिवस आधी माल तयार होत असेल, तर रेल्वेचीच निवड करावी. संत्री, तातडीचे सुटे भाग किंवा ऐनवेळी पक्की होणारी मागणी असल्यास ट्रेलरला पर्याय नाही. तिथे उत्सर्जन कमी करायचे तर एकच मार्ग परिणामकारक आहे, तो म्हणजे नागपूरला आयात माल घेऊन आलेला त्याच जहाज कंपनीचा कंटेनर रिकामा परत न पाठवता निर्यातीसाठी भरणे. करार कोणताही असो, प्रत्येक कंटेनरमागे वजन, अंतर, इंधन आणि रिकामी फेरी यांची नोंद देण्याची अट त्यात घालून घ्यावी, कारण वर्षअखेरीस ग्राहकाची प्रश्नावली येते तेव्हा हे आकडे मागाहून गोळा करता येत नाहीत.